छत्रीवाल्या बाईची संध्याकाळ

“ह्या बायेक घरदार आसा काय नाय? सकाळपासून उन्हात उभी आसा.”

बाबा माझ्या कानाशी पुटपुटले. आम्ही दोघं सोफ्यावर खेटून बसलो होतो, समोर टीव्ही, माझ्या हातात कंट्रोलर. बाई टीव्हीत होती. बाजाराच्या तोंडाशी, नारळवाल्यापुढे, काखेत काळी छत्री धरून ती एक नारळ कानाशी हलवून बघत होती. हलवायची, खाली ठेवायची, दुसरा उचलायची. पुन्हा हलवायची.

“असेल ना घर,” मी म्हटलं. “बाजार आटपला की जाईल.”

“कधी आटपतलो बाजार?”

बाजार आटपणारच नव्हता. त्या गावात गेले काही दिवस सकाळचे दहाच वाजत होते, कारण तिथला सूर्य मी थांबवून ठेवला होता.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण अजूनही कुणी असल्या खेळांबद्दल बोलायला लागलं, की मला आधी ते ऊन आठवतं. मीच रंगवलेलं होतं. कोवळं, जरा जास्तच पिवळं.

खेळ माझ्या धाकट्या भावाचा, हेरंबचा. म्हणजे विकत आणलेला नव्हे, त्यानं स्वतः करायला घेतलेला. पुण्यातली नोकरी सोडून तो आणि त्याचा मित्र तन्वीर, दोघंच ते करत होते. असल्या खेळात आपण कुणीतरी व्हायचं, एका गावात जाऊन राहायचं, माणसांशी बोलायचं, त्यांची कामं करायची, भांडणं ओढवून घ्यायची. आरपीजी म्हणतात त्याला. हेरंबच्या खेळात आपण एक तरुण मुलगा व्हायचं, कोकणातल्या एका गावी दीपगृहावर नवा रुजू झालेला. हे सुचायला त्याला फार लांब जावं लागलं नव्हतं. आमचे बाबा जन्मभर दीपगृहावरच नोकरीला होते.

त्यातली चित्रं माझी. मी बारावीनंतर शिकले नाही. हेरंबनं टाकून दिलेल्या लॅपटॉपवर, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकत, व्हिडिओ बघत बघत चित्रं काढायला शिकले. गावातली घरं, होड्या, माणसं, एकूण एक दार माझ्या हातचं. “ताई, बाजारात एक बाई पाहिजे,” एकदा हेरंब म्हणाला. मी काढून दिली. काखेत छत्री दिली. आई बारा महिने अशीच छत्री घेऊन बाजाराला जायची, थंडीतसुद्धा. हेरंबनं ते चित्र बराच वेळ बघितलं आणि “छान आहे” एवढंच म्हणाला.

आई त्याआधीच, गणपतीच्या तोंडावर गेली होती. बाजाराला म्हणून निघाली आणि कुडाळच्या एस.टी. स्टँडवर बाकावर बसल्या बसल्या कोसळली. गोव्याला हॉस्पिटलात नेलं. हेरंब पुण्याहून रातोरात तिथं पोचला, शेवटी तोच जवळ होता. बाबांचं विसरणं तेव्हा वाढलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, धक्का देऊ नका. मावशी म्हणाली, सांगून तरी काय कळणार त्यांना. दिवसकार्यसुद्धा आम्ही मावशीकडेच उरकलं. बाबांनी पहिल्यांदा विचारलं, “ही खंय गेली?” तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, “बाजारात गेलीय. दिवस मावळायच्या आत येईल.”

एकदा म्हटल्यावर मग तेच रोज म्हणावं लागलं.

आणि दिवस काय, रोजच मावळतो. उन्हं तिरपी झाली की बाबांचे हात थरथरायला लागायचे. शर्ट चढवायचे, बटणं वरखाली लावायचे. बदल्यांच्या नोकरीमुळे ते आमच्याशी कायम पुस्तकी मराठी बोलत आलेले, पण आजारपणात ती गळून पडली आणि लहानपणची मालवणी वर आली. “दिवो लावूक व्हयो. आणि ही अजून इली नाय. काळोखात वाट कशी दिसतली तिका?” असं म्हणत दाराशी. धरलं तर मारायचे. नाही धरलं तर जिना उतरून थेट रस्त्याला.

एका संध्याकाळी ते हायवेच्या मधोमध सापडले. दोन्ही बाजूंना गाड्या करकचून थांबलेल्या आणि बाबा एका ट्रकच्या दिव्याला हात करून विचारतायत, “बाजारातसून येतंस? वाटेत बाईमाणूस दिसला?” एका टेम्पोवाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं.

त्या दिवशी हेरंबनं मला फोनवर फोटो दाखवले. कोल्हापूरची एक जागा. बाग, झोपाळा, रांगेनं पलंग, खिडक्यांना रंगवलेले गज.

“अजून एकदा असं झालं ना ताई, तर मी त्यांना तिथं नेणार. ठरवलंय मी.”

“कुलूप आतून असतं की बाहेरून?”

त्यानं फोन खिशात टाकला. “तुला काय वाटतं, मला आवडेल? पुढच्या वेळी ट्रक थांबला नाही तर?”

त्याचं खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती.

आणि ह्या सगळ्यात त्याचं तन्वीरशी फोनवर रोजचं भांडण चालू. विषय एकच. खेळात रात्र पाहिजे की नको.

“अरे काढून टाक ना रात्र,” तन्वीर स्पीकरवर ओरडायचा. “अर्धं काम वाचेल. खेळणारा रात्री करतो काय? खाटेवर जातो, बटण दाबतो, झाली सकाळ. तुझ्या कंदिलाच्या उजेडात हिंडायची हौस कुणाला आहे?”

“मग ते गाव नाही राहत, देखावा होतो. दुकानं बंद झाली पाहिजेत. माणसं आपापल्या घरी गेली पाहिजेत. दार वाजवलं तर आतून ‘कोण आहे’ म्हणून आवाज आला पाहिजे. आणि दीपगृहाच्या खेळात रात्र नको? दिवा काय दुपारी लावू?”

“लाव. दुपारी लाव. तुला कोण अडवतंय!”

मी ओट्याशी भाकऱ्या थापत ऐकायचे. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर म्हटलं असतं, ज्यांच्या घरात संध्याकाळ सुखानं होते त्यांनी खुशाल रात्रीची हौस करावी.

बाबांनी तो खेळ बघितला तो असाच अचानक. मी माझे रंग मोठ्या पडद्यावर कसे दिसतात म्हणून टीव्हीला जोडला होता. बाबा आतून आले आणि उभेच राहिले. मग बसले. समुद्र, दीपगृह, पायऱ्या, बाजार. कितीतरी दिवसांनी त्यांचे हात मांडीवर शांत पडलेले मी बघितले.

“ता बघ,” ते छत्रीवालीकडे बोट करून म्हणाले. “नारळ घेता.”

ही आई आहे असं मी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

पण त्या गावातला दिवस लहान. इकडे भात होईपर्यंत तिकडे सकाळची संध्याकाळ व्हायची. पडदा तांबूस व्हायला लागला की बाबा उठलेच, मग आमच्याकडे दुपारचे बारा का वाजलेले असेनात. आधी घरात रोजची एक संध्याकाळ होती, आता चार-चार व्हायला लागल्या. दर वेळी मी घाईघाईनं टीव्ही बंद करायचे.

“हेरंब, तो सूर्य तेवढा थांबव रे.”

“ताई, तो विजेचा दिवा नाही. गावातलं सगळं त्याच्यावर चालतं. सूर्य थांबला की माणसं थांबतात.”

“थांबू देत. पळून कुठं जाणारेत.”

तो हसला नाही. आणि त्याच आठवड्यात त्याला पुण्याला जावं लागलं, खेळ कुणाला तरी दाखवायला. “सांभाळशील ना?” असं त्यानं दारात विचारलं. म्हणजे बाबांना बाहेर जाऊ देणार नाहीस ना, असं.

तो गेल्यावर मी त्याच्या फाइली उघडून बसले. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. पण शेजारणीच्या स्वयंपाकघरात मीठ शोधायला तिची भाषा यावी लागत नाही. सूर्याचा वेग असं जिथं लिहिलेलं होतं तिथला आकडा पुसून मी शून्य घातलं. गावात दहाचं ऊन पडलेलं होतं, ते तसंच राहिलं.

मग घरातले सगळे पडदे ओढून घेतले आणि उन्हं कलायच्या आत सगळ्या ट्यूबलाइट लावून टाकल्या.

“पडदे ओढलंस ता बरा केलंस,” बाबा म्हणाले.

त्यांनी असं का म्हणावं हे मला लगेच कळलं. दीपगृहावर दिव्याभोवती मोठं भिंग असतं. दिवसा त्यातून ऊन शिरलं तर आग लागायची, म्हणून सकाळी दिवा विझवला की सगळीकडून पडदे ओढायचे. संध्याकाळचं पहिलं काम पडदे उघडायचं. बाबांच्या हिशेबी पडदे ओढलेले म्हणजे दिवस. घड्याळ काय म्हणतं ते घड्याळाजवळ.

त्या संध्याकाळी बाबा उठले नाहीत. शर्ट मागितला नाही. टीव्हीतली बाई नारळ हलवत होती आणि ते तिच्याकडे बघत बसले होते. मी आत जाऊन आमटी ढवळता ढवळता रडून घेतलं. जिंकल्यासारखं वाटत होतं.

ताट घेऊन आले तर म्हणाले, “ही येवं दे. मगे जेवतंय.”

“उशीर होईल तिला. तुम्ही दोन घास खाऊन घ्या.”

“उशीर खंय झालो? ऊन बघ की.”

अंथरूण घातलं तर त्यावर टेकायला तयार नाहीत. “ही भायर आसताना निजान कसा चलात?” चहा तेवढा घेतला.

दुसऱ्या दिवशीही तेच. चहा. डोळे लाल, पावलं सुजलेली, पाठ सोफ्याला न टेकवता ताठ बसलेले. मी टीव्ही बंद करायला गेले तर असे ओरडले की खालच्या मजल्यावरचे वर आले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या तोंडात दहीभाताचा घास अक्षरशः कोंबला. तो त्यांनी गालात धरून ठेवला, आणि मी वळल्यावर हळूच हातावर काढून पेल्याच्या आड ठेवला. आईची चाहूल लागली की लहानपणी आम्ही कारल्याची भाजी अशीच लपवायचो. बाथरूमला जाताना ते कोसळले, भिंतीला धरून. मी उचललं तर हाताला ओझंच लागलं नाही.

सूर्य सुरू केला तर बाबा हायवेवर. हायवेवर गेले की कोल्हापूर. थांबवून ठेवला तर ते ह्याच सोफ्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, वाट बघत संपणार. मी कंट्रोलर हातात घेऊन त्यांच्या शेजारी बसून राहिले. आणि तेव्हाच ते माझ्या कानाशी पुटपुटले, ह्या बायेक घरदार आसा काय नाय.

हेरंब आला तो त्याच दुपारी. खांद्यावर बॅग, एक बूट काढलेला, दुसरा काढायचा राहिलेला. त्यानं ओढलेले पडदे बघितले, भरदुपारी जळणाऱ्या ट्यूबलाइट बघितल्या, टीव्ही बघितला. मग बाबांकडे.

“काय झालंय ह्यांना?”

“एकदाही बाहेर गेले नाहीत.”

“ते विचारत नाहीये. जेवलेत का?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“ताई! तू सूर्य बंद केलास?”

“हो, केला. मग काय करायला हवं होतं? तू तर पुण्याला होतास, रात्र हवी की नको त्याची चर्चा करत.” मी ओरडले. बाबांनी वळूनही बघितलं नाही. “ते तिच्यासाठी थांबलेत. ती घरी आली की जेवणार. आणि मी सूर्य थांबवलाय म्हणून ती हलत नाही, एवढं मला समजलंय. आता सुरू करते. संध्याकाळ होऊ दे, ती घरी येऊ दे, ते जेवू देत, झोपू देत. उद्याचं उद्या बघू.”

“नको.”

“का नको? दाराला कडी घालू. आपण दोघं आहोत आता.”

“ताई, नको म्हणतो ना.”

“तूच तन्वीरशी डोकं फोडतोस ना, माणसं घरी गेली पाहिजेत म्हणून?”

तो चपलांच्या स्टँडवरच बसला. एका पायात बूट तसाच. मी लॅपटॉप ओढला, शून्य पुसलं आणि पूर्वीचा आकडा घातला.

गावातल्या सावल्या हलल्या.

बाबा पुढं सरकले. नारळवाल्यानं ढीग पोत्यांत भरला. मासळीवाल्या टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या. समुद्रावरून होड्या यायला लागल्या आणि बाबा बोट उचलून एकेक मोजायला लागले, नोकरीभर सज्जात उभं राहून मोजायचे तशा. ऊन तांबूस झालं, मग जांभळं. गावातली दारं, माझी दारं, एकामागून एक उघडली, माणसं आत गेली, दारं लागली. खिडक्या पिवळ्या झाल्या. इतकं सुरेख दिसत होतं की मला वाटलं, हेरंब म्हणतो ते खरं, ह्याच्याशिवाय हे गाव नव्हतंच.

बाबा उठले. मी दाराकडे धावले आणि कडीवर हात ठेवला.

पण ते दाराकडे आलेच नाहीत. भिंतीला धरत खिडकीशी गेले आणि त्यांनी पडदा बाजूला सारला. मग दुसरा. तिसरा. संध्याकाळचं पहिलं काम. बाहेर टळटळीत दुपार होती. खरं ऊन खोलीत घुसलं, बाबांच्या वाढलेल्या पांढऱ्या दाढीवर पडलं. त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. परत येऊन सोफ्यावर बसले.

“लाव,” ते मला म्हणाले.

मी कडी सोडून कंट्रोलर घेतला, खेळातल्या त्या नव्या पोराला दीपगृहाच्या पायऱ्यांवरून धावत वर नेलं आणि दिवा लावला. उजेडाचा झोत निघाला. समुद्रावरून फिरला, वाळूवरून, होड्यांवरून, मग बाजारावरून.

बाजार रिकामा होता. फक्त ती होती. काखेत छत्री, हातात नारळ. समोर नारळवाला नाही, ढीग नाही, कुणी नाही. कानाशी नारळ हलवला, खाली ठेवला, दुसरा उचलला. झोत पुढं गेला. काळोख. झोत फिरून आला. ती तिथंच.

“ही कित्याक जाय नाय?” बाबा म्हणाले.

मी हेरंबकडे बघितलं. “तिचं दार कुठलंय?”

त्यानं मान वर केली नाही.

“हेरंब, तिचं घर कुठलं?”

“नाही दिलेलं.” त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. “सगळ्यांना दिलं. तिचं लिहायला बसायचो. एक ओळ लिहायची होती फक्त. संध्याकाळी घरी येते. नाही लिहिता आली.”

टीव्हीत झोत पुन्हा तिच्यावरून गेला.

“वैजू,” बाबांनी हाक मारली.

माझं नाव त्यांच्या तोंडी कितीतरी महिन्यांनी आलं होतं. मी कंट्रोलर खाली ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“होडी इली नाय तर आम्ही काय करतो?”

मला माहीत होतं. आम्ही दीपगृहाच्या क्वार्टर्समध्येच वाढलो. रात्रभरात होडी आली नाही, आणि तिचं काही सापडलं असं कळलं, की बाबा सकाळी स्वतः टेकडी उतरून त्या घरी जायचे. दुसऱ्या कुणाला पाठवायचे नाहीत. त्या दिवशी घरी चहा घ्यायचे नाहीत.

“जाऊन सांगायचं,” मी म्हटलं.

“सांगूक व्हया. वायट असला तरी सांगूक व्हया. नायतर घरचा माणूस दारात उभा रवता. जेवणा नाय, निजणा नाय.” त्यांनी टीव्हीवरची नजर काढली आणि आधी माझ्याकडे, मग हेरंबकडे बघितलं. स्वच्छ बघितलं. “सगळ्यांका मी सांगलंय. माका कोण सांगतला?”

“येईल हो बाबा,” सवयीनं माझ्या तोंडून निघालं, “बाजार आटपला की—”

“ताई.”

हेरंब उठला होता. एक पाय बुटात, एक अनवाणी, तसाच लंगडत आला आणि बाबांच्या पुढ्यात खाली बसला. पुण्याला गेल्यापासून तो मालवणी बोललेला मी ऐकला नव्हता. त्यानं बाबांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“बाबानू,” तो म्हणाला, “आई येवची नाय. आई वारली.”